सोफ्यावरची उशी उचलू नकोस

वाखो,

बेकरीत आज माझी पहाटेची पाळी आहे, म्हणून निघाले. तुला उठवलं नाही. रुसलेल्या माणसाला उठवून बोलणार तरी काय?

आज आपल्या भागातला पोलीस येऊन जाईल. तुझ्या कायमच्या वास्तव्याच्या अर्जासाठी, आपण खरंच नवरा-बायकोसारखे एका घरात राहतो का, ते त्याला बघायचंय. हात जोडते, घर आवरू नकोस. मागच्या वेळी तू लग्नाचे फोटो मांडून ठेवलेस, तुझ्या आईच्या आंबट चटणीच्या बरण्या लपवल्यास, आणि त्या बिचाऱ्याने विचारलं, "इथे नक्की कोणी राहतं ना?"

सोफ्यावरची उशी आणि पांघरूण तसंच राहू दे. विचारलं तर सरळ सांग, "बायको बेल्जियमची, तिला भर थंडीतही खिडकी उघडी लागते. मी जॉर्जियाचा, मला वारा बाधतो, म्हणून भांडलो." खोट्या लग्नात खिडकीवरून कोण भांडतं? त्याची खात्री पटेल.

सूप गरम करून घे. खिडकी मी लावली आहे, पण मी हरले असं समजू नकोस.

माझी खात्री मात्र आज पटणार नाही. ते कायमच्या वास्तव्याचं कार्ड तुझ्या हातात पडल्यावर आपलं पहिलं भांडण होईल ना, तेव्हा तू सोफ्यावर जातोस की दाराबाहेर, ते मी बघणार आहे.

ग्रीत