लाल-निळ्या सज्ज्याची अखेरची व्यवस्था

मी, कुमारी एर्मेलिंडा शुएरेब, वय अठ्ठ्याहत्तर, सरकारी बांधकाम खात्यातील निवृत्त नकाशाकार, राहणार व्हॅलेटा, बंदराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या गल्लीतील तिसरे घर, हे माझे मृत्युपत्र राजीखुशीने व स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. याबद्दल माझा पुतण्या साल्वू याला शंका असल्यास त्याने ती माझ्या हयातीत माझ्यासमोर येऊन मांडावी. नोटरी साहेबांनी करून दिलेला मसुदा मी परत केला आहे, कारण एका पानात त्यांनी मला चार वेळा ‘सदर इसम’ म्हटले होते.

१. माझी मालमत्ता म्हणजे वर सांगितलेले घर. तीन आठवड्यांपूर्वी मला हे वाक्य लिहिता आले नसते. तेव्हा माझे फक्त अर्धे घर होते.

हे घर माझ्या आजोबांचे. ते गोदीत सुतार होते. त्यांच्यामागे घर माझे वडील व वुइस्टीनकाका या दोघांच्या नावे राहिले. वडील लाल बँडचे, काका निळ्या बँडचे. आमच्याकडे माणूस चर्चमध्ये एकाच देवापुढे गुडघे टेकतो, पण उत्सवात कोणत्या बँडमागे चालतो यावर त्याची सोयरीक ठरते. १९५१ च्या उत्सवात निळ्यांची मिरवणूक घराखालून जात असताना माझ्या वडिलांनी वरून कांद्याची साले टाकली. ती चुकून पडली असे ते मरेपर्यंत म्हणत. मी दहा वर्षांची होते आणि टोपली मीच धरली होती. ती चुकून पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकांनी आमच्या लाकडी बंद सज्ज्याच्या मधोमध उभी फळी ठोकली. उजवी बाजू आमची, ती वडिलांनी लाल रंगवली. डावी काकांची, ती निळी. तीन वर्षांनी काका बायकामुलांसह मेलबर्नला गेले ते गेलेच. डाव्या बाजूच्या खोल्यांना कुलूप लागले. काकांमागे त्या अर्ध्या घराला सात वारस झाले. त्यांच्या सह्यांवाचून मला छपराची एक लादी बदलता येईना. या बेटावर महायुद्धातल्या बॉम्बने पाडली नसतील इतकी घरे वारसांनी पाडली आहेत.

२. माझी आरेखनाची पेटी व या शहरातील तीनशेबारा सज्ज्यांची मी नोकरीत असताना काढलेली चित्रे शहराच्या ग्रंथालयास द्यावीत. अट अशी की त्यांखाली कोणत्याही विद्वानाचे मत छापू नये. असे विद्वान आमच्या कचेरीत फार येत. एकाने सांगितले, हे सज्जे अरबांचे. दुसरा म्हणाला, छे, स्पेनचे. तिसऱ्याने आमच्या दाराची कडी सिसिलीची, कमान अरबांची आणि बिजागऱ्या इंग्रजांच्या ठरवल्या व मला विचारले, “मग यात तुमचं असं काय आहे?” मी म्हटले, “रंगाचे पैसे आम्ही भरतो.” त्याने ते लिहून घेतले नाही.

आमच्या सज्ज्याच्या तळाला एक झाकणाचे भोक आहे. त्यातून दारात कोण आले ते दिसते, आणि आलेल्याला आपण दिसत नाही. त्यावरही एका पाहुण्याने पाऊण तास व्याख्यान दिले. आजोबांनी ते केले कारण आजीला वसुलीवाला ओळखू यायला हवा होता. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बोनाव्हेंतुरा आम्हाला बजावत, “खिडकीतून डोकावणाऱ्या मुलीचं लग्न होत नाही.” मी खिडकीतून कधी डोकावले नाही. भोकातून पाहिले. तरीही लग्न झाले नाही, ही माहिती त्या शाळेस कळवावी.

३. पुतण्या साल्वू यास, त्यानेच मला नाताळात भेट दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा परत द्यावा. त्यावर लाकडाच्या रेषा चिकटवलेल्या आहेत.

“आत्या, लाकूड कुजतं गं,” तो म्हणाला. “हे शंभर वर्षं टिकतं.”

“ते बघायला तू टिकणार आहेस का?”

“ऐक तर. जुनं सगळं पाडू, सहा मजले चढवू आणि पुढे अस्साच सज्जा बसवू. पर्यटकांना फरक कळत नाही.”

“मी पर्यटक आहे का रे मेल्या?”

त्याला आणखी काही मिळणार नाही; त्याच्या वडिलांनी घरातला आपला वाटा माझ्याकडून केव्हाच रोख घेतला. त्याच्या आईचा चहाचा संच मात्र त्याने न्यावा. ती बिचारी चांगली होती.

४. आता घर पूर्ण कसे झाले ते. गेल्या मार्चमध्ये सज्ज्याला खालून धरणारा एक लाकडी ब्रॅकेट तुटून गल्लीत पडला. कोणाला लागले नाही, पण खात्याची नोटीस आली: नव्वद दिवसांत दुरुस्ती, नाहीतर सज्जा उतरवणार. मी मेलबर्नला फोन लावला. वुइस्टीनकाकांचा थोरला केलिन, वय एक्याऐंशी, स्वतः फोनवर आला.

“एर्मे! तू अजून जिवंत?”

“तुमच्या सात सह्या राहिल्यात. मरू कशी?”

तो इतका हसला की त्याला खोकला आला. मग म्हणाला, “हक्कसोडपत्र पाठव. माझी सही देतो, बाकी सहा जणांच्या मी मिळवतो. आम्हाला काही नको. फक्त एक सांग. आमची बाजू निळीच राहील ना?”

“केलिन, पासष्ट वर्षांत तू एकदा तरी त्या बँडमागे चाललास का?”

“म्हणूनच विचारतोय.”

मी जन्मात निळा झगा घातलेला नाही. वडिलांना काय वाटेल याचा विचार करत मी आमच्या लाल बाजूकडे पाहिले. शेवटी मी म्हटले, “राहील. माझ्या हाताने रंगवते.” आणि रंगवली. खात्याच्या माणसाने हिरवा रंग सुचवला होता. हिरवा आमचा कोणाचाच नाही.

कागद मे महिन्यात आले, सातही सह्यांसह. फळी सज्जा दुरुस्त करणारी सुतारीण रिटियान काढत होती, मी बाजूला उभी होते. चार खिळे, दहा मिनिटे. अडुसष्ट वर्षे फळीपलीकडून बंदरातल्या ज्या प्रवासी होडीचा मी फक्त भोंगा ऐकत आले ती होडी मला माझ्याच सज्ज्यातून दिसली. दिसायला अगदीच सामान्य आहे. त्या रात्री मी आठ तास झोपले.

५. बँकेतील शिल्लक छपराच्या लाद्यांसाठी आहे.

६. शेजारीण डोलोरेस बोर्ज हिला, ती १९७४ साली माझ्याबद्दल जे बोलली त्याची माफी दिली आहे. हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावे. तिला ऐकू कमी येते.

७. संपूर्ण घर मी रिटियान मिफसूद, व्यवसाय सुतारकाम, हिच्या एकटीच्या नावे करत आहे. हिने तुटलेला ब्रॅकेट जुन्याच लाकडाचा जोड देऊन उभा केला. जोड कुठे आहे ते मला, नकाशाकारणीला, बोटाने चाचपावे लागले. ती व तिचा नवरा सासूच्या दीड खोलीत राहतात. ती या घरात राहील, ते विकणार नाही व अ‍ॅल्युमिनियम दारात येऊ देणार नाही.

~~८. रिटियानने हे घर पुढे एकाच व्यक्तीच्या नावे करावे. दोन भावंडांच्या नावे कदापि नाही. तसे केल्यास घर ग्रंथालयाकडे जाईल.~~

खुलासा: कलम आठ मी आज सकाळी नोटरी साहेबांच्या कचेरीत रिटियानला वाचून दाखवले. तिचा चेहरा उतरला.

“काय गं? जड वाटतंय का घर?”

“नाही बाई. डॉक्टर म्हणतात, दोन आहेत.”

“दोन काय?”

तिने पोटावर हात ठेवला. “गुरुवारी कळलं. तुम्हाला सांगायचा धीर होईना. तुम्ही घर काढून घ्याल असं वाटलं.”

मी नोटरी साहेबांचे पेन घेतले व कलम खोडले. खाडाखोडीवर माझी सही आहे. साहेब म्हणाले, “बाई, विचार करा. उद्या ही दोघं भांडली तर?”

“भांडतील की,” मी म्हटले. “पण तेव्हा मी नसेन.” आणि ही गोष्ट मला आयुष्यात पहिल्यांदाच सोयीची वाटली.

हे सर्व वाचून, समजून, चष्मा लावून मी सही केली आहे.

स्थळ: व्हॅलेटा
दिनांक: ११ जून २०१९

(सही) एर्मेलिंडा शुएरेब

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली म्हणून:
१. (सही) नाझरेनू काशा, बेकरीवाला
२. (सही) जुडिटा स्पितेरी, नोटरींच्या कचेरीतील कारकून