बुनीकाकूंचे मोजे

सूनचन, १९ मार्च १९६४

चि. सौ. ओकसिम हीस,
अनेक आशीर्वाद आणि प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

इकडे सर्व ठीक. माझी पाठ धरली आहे, पण चर्चचा वडील म्हणवणाऱ्या माझ्यासारख्या एल्डरनेच कुरकुर केली तर मंडळीने कोणाकडे बघायचं? कळवायचं ते वेगळंच आहे. पाळकांसाठी घरोघरच्या बाया रोज भात टाकण्याआधी चमचाभर तांदूळ काढून ठेवतात ना, त्याचा चर्चमधला रांजण हिवाळाभर भरेना. कोठीची किल्ली आपल्या शेजारच्या बुनीकाकूंकडे. मी भर उपासनेत बोललो की विधवेला भूक लागते हे मान्य, पण देवाच्या तांदळात हात घालू नये. परवा रांजण हलवला, तर तळाला तडा आणि भिंतीत उंदरांचं बीळ. मान खाली गेली माझी.

पाळक म्हणाले, घरी जाऊन माफी मागा आणि मिटवा. मला ते चोरून केल्यासारखं वाटतं. आरोप चारचौघांत, तर माफीही चारचौघांत. पवित्र गुरुवारी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे मी सर्वांसमोर काकूंचे धुणार आहे.

माया आहेच, ती राहू दे.
तुझा दादा, ग्यूहो

मोकपो, २३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि चुलीवरचं उतरवून लिहायला बसले. तुझ्या जेवणाआधीच्या लांबलचक प्रार्थनेत सूप गार होतं म्हणून जन्मभर चिडवत आले, पण आज चेष्टा नाही. पाय धुऊ नकोस. काकू ऑगस्टच्या उकाड्यातही मोजे काढत नाहीत, हे इतकी वर्षं शेजारी राहून तुला दिसलं नाही? कारण मला ठाऊक आहे, पण त्यांनी शपथ घातली आहे.

मागच्या दाराने जा. देतील तो जवाचा भात खा आणि माझं चुकलं एवढंच म्हण. तुला तेच जड जाईल, म्हणून तेच कर.

रागावलास तरी माझाच आहेस.
ओकसिम

सूनचन, ५ एप्रिल

चि. सौ. ओकसिम हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारीच मिळालं होतं. वाचून खिशात ठेवलं. बायकांचा संकोच, दुसरं काय, असं वाटलं.

गुरुवारी सर्वांसमोर पाय धुवायला बसलो, तर काकू नको नको म्हणत होत्या. मोजा दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. मला तो विनय वाटला आणि मी ओढला. डाव्या पायाला तीन बोटंच नाहीत. पुढच्या बाकावरची माणसं मागे सरकली. ईस्टरला लोक माझा हात हातात घेऊन म्हणाले, एल्डर, अशा पायांनाही शिवलात, धन्य तुमची! महारोग म्हणतात सगळे. काकू ज्यावर पोट भरतात तो सोयाबीनचा टोफू आता कोणी घेत नाही. काय करू?

ग्यूहो

मोकपो, ९ एप्रिल

ती. दादास,
सा. न.

शपथ मोडते. तेरा वर्षांपूर्वी उत्तर-दक्षिण लढाईच्या हिवाळ्यात बर्फातून पळताना स्वतःचे मोजे त्यांनी पाठीवरच्या लेकीला गुंडाळले. बोटं गारठून झडली. लेक तरीही गेली. लोक महारोगच म्हणतील म्हणून इतकी वर्षं झाकलं, आणि तू माफी मागायला जाऊन उघडं पाडलंस. आता सर्वांना खरं सांग आणि त्यांच्या दारात बसून टोफू खा.

ओकसिम

सूनचन, २० नोव्हेंबर

चि. सौ. ओकसिम हीस,
आशीर्वाद.

सांगितलं, उपासनेत उभा राहून सांगितलं. लोक म्हणाले, एल्डर मोठ्या मनाचे, तिचं झाकून घेतात. रोज टोफू आणायला जात होतो. काकू उंबऱ्यावर ठेवून आत जायच्या, वर बघायच्या नाहीत. चुकलं म्हणालो, तेही बंद दाराला. एल्डरपण सोडतो म्हणालो, तर पाळकांनी त्यावर नम्रतेचं प्रवचन केलं, आणि खरं सांगतो, ऐकताना मला बरं वाटलं. माझी मलाच किळस आली.

मंगळवारी काकूंचं दार उघडं दिसलं. त्या गेल्या, कुठे ते कोणाला माहीत नाही. खिळ्याला पाळकांच्या तांदळाची पिशवी होती, गच्च भरलेली. टोफू विकला जात नव्हता, स्वतः काय खात होत्या देव जाणे, पण चमचा काढत होत्या. पिशवी चर्चमध्ये नेली. पाळकांच्या पत्नी म्हणाल्या, त्या हातचे तांदूळ नकोत.

घरी आणून शिजवले. तुझी वहिनी आणि मी जेवायला बसलो. प्रार्थनेला तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. सूप गरम होतं तोवरच जेवण उरकलं.

ग्यूहो