मासेमारीच्या दिवशी झालेली सही

प्रिय डेला,

तू पाठवलेलं पेन मिळालं. सोबत चिठ्ठी नव्हती, आणि नव्हती म्हणूनच मला सगळं समजलं. ज्याच्या खटपटीने कायदा झाला त्याला सहीचं पेन आठवण म्हणून द्यायचं, ही आपल्याकडची रीत. माझ्या कपाटात अशी कितीतरी पेनं मिरवतायत. याला मात्र मी हात लावलेला नाही. घरी बायको, मिरियम, विचारते, "ऑर्विल, हे असं डबीतच ठेवणार आहेस का?" मी विषय बदलतो.

पहिल्या निवडणुकीत आपण तुझ्या खडखडणाऱ्या गाडीतून गावोगाव फिरलो, आठवतं? मी दूधवाल्याचा मुलगा, भाषणाला उभा राहायची वेळ आली की तुझ्यामागे लपायचो. तुझ्या गावी, टॅमरॅकमध्ये, कागद गिरणीच्या फाटकाशी कामगारांची पाळी सुटली, तेव्हा तू मला कोपराने ढोसलंस, "अरे, हात मिळव की लोकांशी! मतं मागायला आलायस की बस पकडायला?" मग मला जोर चढला आणि मी बोलून बसलो, "मी गव्हर्नर असेपर्यंत तुमच्या इस्पितळातली एक खाटसुद्धा हलणार नाही!" लोकांनी विश्वास ठेवला तो माझ्यावर नाही, शेजारी उभ्या असलेल्या तुझ्यावर. त्यांच्या पोरांना तू शिकवलं होतंस. पुढे मी गव्हर्नर झालो आणि तू उपगव्हर्नर.

यंदा छोटी इस्पितळं बंद करायचा कायदा माझ्या माणसांनी रेटला, तो माझ्याच सांगण्यावरून. तिजोरीत खडखडाट होता हे खरं, पण मला आता सिनेटची निवडणूक लढवायची होती आणि टॅमरॅकच्या इस्पितळाला टाळं लावणाऱ्या कागदावर माझं नाव नको होतं. गव्हर्नरने राज्याची हद्द ओलांडली की सहीचा अधिकार उपगव्हर्नरकडे जातो, हा आपला नियम. म्हणून मी नदीपलीकडच्या राज्यात मासेमारीला निघालो. फोनवर तुला म्हणालो, "तेवढी सही करून टाक गं, मुदत संपतेय." तू म्हणालीस, "तू सांगतोयस म्हणजे दुसरा इलाजच नसेल. करते."

परत आल्यावर वार्ताहरांनी गाठलं. त्यांना मी काय म्हणालो ते तू वाचलंसच. "मी इथे असतो तर दहादा विचार केला असता." लाज वाटते गं, हे लिहिताना. त्याच्या दुसऱ्याच दिवशी पेन आलं. टॅमरॅकच्या न्हाव्याने दुकानातला तुझा फोटो उतरवला, असं ऐकलं. माझा अजून तिथेच आहे म्हणे.

शनिवारी गावाने तुला जाब विचारायला चर्चच्या हॉलमध्ये बोलावलंय. हे पत्र त्यासाठीच. तू आधी बोलू नकोस, मी येतोय. सिनेट गेलं खड्ड्यात. ते पेन मी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवीन आणि कोणाचं आहे ते सांगीन. मासे किती मिळाले असं कोणी विचारलं, तर तेही सांगीन. मी गळ पाण्यात टाकलाच नव्हता. पूल ओलांडल्यावर जे पहिलं मोटेल लागतं, तिथल्या खोलीत रेडिओला कान लावून बसलो होतो. तू सही केल्याची बातमी आली, आणि डेला, मला हायसं वाटलं.

तू अजून म्हणू देत असशील तर, तुझाच,
ऑर्विल