वन्संचा हक्क आणि मागच्या अंगणातलं गवत

मी, निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्या शहाणपणाबद्दल चिरंजीवांना शंका असल्यास ती त्यांनी माझ्या हयातीतच विचारावी.

१. राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते माझ्या धाकट्या नणंदेकडे, म्हणजे वन्संकडे, त्यांच्या हयातीपर्यंत राहील. नंतर चिरंजीवांकडे जाईल. चिरंजीव फोनवर म्हणाले होते, "आत्याची सोय बघू." सोय मी बघितली आहे. बँकेतली शिल्लक त्यांनी घ्यावी आणि आत्याला भेटायला यावं.

२. मागच्या अंगणातलं गवत कोणी कापू नये. शेजाऱ्यांनी एकदा प्रेमापोटी ते साफ केलं आणि वटवट्याचं घरटं केरात गेलं. बोटभर पक्षी, पण दिवसभर आमच्या नावाने ओरडत होता. चूक त्याची नव्हती.

३. कॅमेरा वन्संना. त्या म्हणतील, "मला कुठे येतं?" सांडपाण्याच्या तळ्याकाठी इतकी वर्षं पक्षी त्यांनीच शोधले. बोट दाखवलं की पक्षी उडतो, म्हणून त्या माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून कुजबुजायच्या, "डावीकडची काडी, वहिनी, जरा खाली." मी फक्त बटण दाबलं. दवाखान्यात मी लोकांना श्वास रोखायला सांगायचे. इथे तो आपण रोखायचा, एवढाच फरक. एकदा आम्ही अर्धी सकाळ पक्षी समजून एका वाळक्या पानाचे फोटो काढले. पान हललं तेव्हा वन्सं म्हणाल्या, "लाजतोय." ते फोटो पुसू नयेत.

४. पक्षीमंडळाच्या अध्यक्षांना माझा एकही फोटो देऊ नये. ते मोबाइलवर दुसऱ्या नराचा आवाज वाजवून पक्षी बोलावतात. नर बिचारा घरटं उघडं टाकून भांडायला येतो आणि समोर कोणीच नसतं. माझ्या शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. आवाज काढून गर्दी जमवायची त्यांना सवयच आहे.

५. हे कलम आज सहीच्या वेळी वाढवलं आहे. साक्षीदार म्हणून सही करायला वन्सं पेन उघडून बसल्या होत्या. मी म्हटलं, "वन्सं, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मला काय मिळायचंय? कॅमेराच ना? मग तो नको. सही करते."

"घर," मी म्हणाले.

त्या बराच वेळ पेनाचं टोपण लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग ती बॅग रिकामी करू का, वहिनी?"

आमचे हे गेले तेव्हापासून वन्संची बॅग कॉटखाली भरून ठेवलेली आहे, हे मला आज कळलं. एकाच खोलीत झोपतो आम्ही. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. साक्षीदारांना मी चहा घेत बसायला सांगितलं आहे. वन्संचे कपडे कपाटात लावून झाले, की सही करेन.

कपडे लावून झाले. वरचा कप्पा वन्संचा.

लिहून देणार: (सही)
आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली; त्यानंतर आम्ही केली:
१. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य (सही)
२. चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)
ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: सहीखाली घातल्याप्रमाणे