ओढ्यावरची रेघ

एल्क रन, ओहायो
३ मार्च १९६६

ती. व्हर्नाताईस,
प्रभूच्या नावे सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाळाच्या नाकाबद्दल तू जे लिहिलंस ते आईला वाचून दाखवलं. आपल्या घराण्यातलं नाक मिसूरीत जाऊनही सुटलं नाही, म्हणून ती पोटभर हसली आणि मग तिला धाप लागली. दादाच्या घरामागच्या छोट्या घरातून ती आता बाहेर पडत नाही. चार घास सूप पोटात गेलं तरी पुष्कळ. वसंतातलं प्रभुभोजन कधी आहे, एवढंच रोज विचारते. प्रभूच्या स्मरणाची या खेपेची भाकरी हातात पडली की मी मोकळी, म्हणते.

इथली मोठी बातमी म्हणजे हमरस्त्यापलीकडची विटांची सरकारी शाळा लिलावात निघाली आणि ती आपल्या आमिश मंडळींनी घेतली. बाहेरच्यांची पोरं आता मोटारबसने गावातल्या मोठ्या शाळेत जातात. बाबांनी बांधलेली आपली लाकडी शाळा पोरांनी खचाखच भरलीय. पण निम्मे लोक म्हणतात, मोटार-वीज न वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना विटांची मिजास हवी कशाला, लाकडी शाळेलाच एक खोली काढली असती. बाकीचे म्हणतात, आयती इमारत मिळतेय तर नाकं का मुरडता? वर्षानुवर्षं एका घोडागाडीतून येणारी माणसं लिलावाहून वेगवेगळी घरी आली.

आता कुणाची पोरं कुठे जायची ती रेघ शाळासमितीतर्फे आपल्या अ‍ॅटलीदादाने आखलीय. ओढ्यापलीकडची पोरं विटांच्या शाळेत. त्यांची घरंही हमरस्त्यापलीकडेच, तो त्यांना ओलांडावा लागतच नाही, तेव्हा ते ठीक. पण लाकडी शाळेतल्या बाकांवर जागा व्हायला अलीकडचं एक घर तरी तिकडे जायला हवं. दादाने आमचं घर निवडलं. म्हणजे माझ्या माहलॉन आणि अडाने रोज तो रस्ता ओलांडायचा, जिथे गेल्या पानगळीत माझा लेक एनॉस दुधाच्या ट्रकखाली गेला.

ताई, आणखी काही लिहवत नाही. बाळाला पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सोविला

❖

हिकरी ग्रोव्ह, मिसूरी
१४ मार्च १९६६

चि. सौ. सोविलास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हात कामाला लागेना. अ‍ॅटली काही बदलला नाही. लहानपणी आईने केक कापायला त्याच्या हाती सुरी दिली की पाहुण्यांच्या पोरांना मोठमोठे तुकडे आणि आपल्या दोघींच्या वाट्याला कडेचा चुरा! मी एकदा चिडून त्याच्या टोपीत तो चुरा भरला होता, आठवतं? आपल्यांना झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून तो आपल्यांनाच आधी खड्ड्यात ढकलतो. त्याच्या मनात पाप नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

त्याच्याशी नीट बोल. मनात धरून बसू नकोस. आणि रागावू नकोस, पण मोठी म्हणून विचारते: त्या ट्रकवाल्याला तू खरोखर माफ केलंस ना? की ते दुःख आता शाळेच्या वाटेवर येऊन बसलंय?

मला यायचं होतं गं. पण बाळ अजून अंगावर पितं आणि इथे आमची वस्ती नवी, सगळीच ओढाताण. आईला सांग, तिच्या नाकाचा वारस रात्रभर भोकाड पसरतो.

तुमच्या सगळ्यांची आठवण काढणारी,
व्हर्ना

❖

एल्क रन
२८ मार्च १९६६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल प्रभुभोजनाआधीची एकमताची सभा झाली. तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून येण्याआधी मीच लिहिते. सगळ्यांनी सगळ्यांशी समेट केलाय का, शाळेच्या रेघेसकट मंडळींनी ठरवलेलं मान्य आहे का, असं बिशपांच्या हाताखालच्या डीकनने बाकाबाकाशी जाऊन एकेकाला विचारलं. आईसारख्या अंथरुणाला खिळलेल्यांचं मत तो आदल्या दिवशीच घेऊन आला होता. पुरुषांच्या बाकावर माझ्या रोमनने हो म्हटलं. माझ्यापाशी डीकन आला आणि मी नाही म्हटलं.

आपल्याला नीट ऐकू आलं नसेल असं वाटून त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. बिशपांनी कुणाचं नाव घेतलं नाही. एकमत नाही, तेव्हा भाकरी मोडता येणार नाही, एवढंच जाहीर केलं. पण बायकांना सांगायला काय लागतं? जेवताना माझ्याकडे भांडी सरकत होती, नजरा सरकत नव्हत्या.

घोडा जोडताना दादा आला. शेजाऱ्याच्या पोरांना रस्त्यावर धाडून बहिणीची पोरं घराशी ठेवली तर मी लोकांना काय तोंड दाखवू, म्हणाला. मी म्हटलं, तोंड तुला दाखवायचंय आणि रस्ता माझ्या पोरांनी ओलांडायचा, हा कुठला न्याय? तो खाली मान घालून निघून गेला. रोमन घरी येईपर्यंत लगाम धरून समोरच बघत होता.

तू विचारलंस म्हणून सांगते. त्या ट्रकवाल्याला मी माफ केलं. तो आमच्या दारात येऊन रडला तेव्हा मीच त्याला आत घेऊन जेवायला वाढलं. पण रस्ता काही कुणाच्या दारात माफी मागायला येत नाही. तिथे गाड्या अजून तशाच धावतात.

रागावलीस तरी पत्र धाडत जा.

तुझी,
सोविला

❖

हिकरी ग्रोव्ह
५ एप्रिल १९६६

सोविलास आशीर्वाद.

गोड लिहिणं आज जमणार नाही. आई एकच गोष्ट मागत होती आणि ती तुझ्या एका शब्दाने अडली. तिच्या हातात आता किती दिवस उरलेत? तुझं दुःख खरं आहे, कबूल. पण सबंध मंडळी एका बाईच्या दुःखासाठी ताटकळत ठेवायची? आपल्यात असं कुणी केलं नव्हतं. तुझा नवराही हो म्हणाला. तू हो म्हण, आईला भाकरी मिळू दे, मग शाळेचं काय ते बघता येईल. नाहीतर आईच्या तोंडचा घास तू काढलास, हे जन्मभर उशाशी घेऊन निजावं लागेल.

हे लिहून मलाच रडू येतंय. पण पत्र फाडणार नाही.

व्हर्ना

❖

एल्क रन
१८ एप्रिल १९६६

ती. ताईस सा. न.

गुरुवारी सकाळी आई गेली. शनिवारी तिला बाबांशेजारी ठेवलं. तुझं पत्र आलं तेव्हा तिचे पाय गार पडायला लागले होते, म्हणून ते मी नंतर वाचलं. तू लिहिलंस त्यातलं एक अक्षरही मला खोडता येत नाही.

शेवटच्या दिवशी मी तिची क्षमा मागितली आणि विचारलं, आई, हो म्हणून टाकू का? ती माझा हात थोपटत राहिली आणि पोरं जेवली का, असं तिने विचारलं. प्रभुभोजनाचं नावसुद्धा काढलं नाही. दफनाला झाडून सगळे आले. दादा आणि मी खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होतो.

सोविला

❖

एल्क रन
९ मे १९६६

ती. व्हर्नाताईस,
प्रभूच्या नावे सा. न. वि. वि.

काल प्रभुभोजन झालं. शाळेची रेघ पुन्हा ओढ्यावर आलीय. विटांच्या शाळेत पलीकडचीच पोरं जातील आणि बाबांच्या लाकडी शाळेला दादा एक खोली काढतोय. लिलावावरून ज्यांचं बोलणं बंद होतं ते फळ्या उचलताना एकमेकांना हळू, हळू म्हणताहेत. इथवर बोलणं आलंय, तेही थोडं नाही.

हे कसं घडलं ते ऐक. दफनानंतरच्या आठवड्यात डीकन दादाकडे आला आणि त्याने मलाही तिथे बोलावून घेतलं. लोक माझ्याकडे पाठ फिरवतात ते बघून त्याला राहवेना. तो म्हणाला, सभेत ‘नाही’ दोन होते. पहिला त्याला आदल्या दिवशी, छोट्या घरात मिळाला होता.

आईने नाही म्हटलं होतं, ताई! माझ्याही आधी. डीकनने तिला समजावलं की अशाने प्रभुभोजन लांबेल आणि तुझी तर ही अवस्था. त्यावर ती म्हणाली म्हणे, मला जायची घाई आहे, माझ्या नातवंडांना नाही. आणि सोविलाला हे कळू देऊ नकोस, नाहीतर ती माझ्या आडोशाने बोलेल. तिचं तिला बोलू दे.

दादा ओक्साबोक्शी रडला. दुसऱ्या दिवसापासून घरोघर गेला आणि लोकांच्या जिभेला मी रस्त्यापेक्षा जास्त भ्यालो, असं प्रत्येक दारात उभा राहून म्हणाला. काल सभेत डीकन माझ्यापाशी आला तेव्हा मी हो म्हटलं. रोमनने मागे वळून पाहिलं.

मग बिशपांनी माझ्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. आईच्या तोंडचा घास मी काढला, असं तू लिहिलं होतंस. तो तिने स्वतःच खाली ठेवला होता, ताई, माझ्या पोरांसाठी. आणि मी शेजारी बसून तिची क्षमा मागत होते, तेव्हाही ती मला ते सांगेना.

तुझी,
सोविला