खिळे ठोकलेल्या खुर्च्या

प्रिय गिरिधर,

सीताबर्डीतली ती दुपार आठवते? कॉलेज सुटल्यावर बस चुकली आणि आपण एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर संत्री सोलत बसलो. त्याच पायऱ्यांवर कुणी चप्पल शिवून घेत होतं, कुणी बाळाला पाजत होतं, दोन म्हातारे तावातावानं भांडत होते. तू म्हणालास, "बघ, लोक आपली जागा आपणच करून घेतात. आपण फक्त मध्ये यायचं नाही." त्या एका वाक्यावर मी तुझ्यासोबत आर्किटेक्टचं ऑफिस थाटलं, केस पांढरे केले. आज ते वाक्य तुझ्या तोंडावर फेकावंसं वाटतंय. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर रागानं लिहिलेलं पत्र फाडायला लावायच्या. हे मी फाडणार नाही.

लोकसेवा भवनाचं सभागृह आपण कसं आखलं होतं? सकाळी अर्ज घेऊन येणाऱ्यांसाठी, दुपारी सुनावणीसाठी, संध्याकाळी अभ्यासाच्या मुलांसाठी. लाकडी पडदे ओढले की खोल्या, सरकवले की एकच अंगण. स्टेज नाही, खुर्च्या हलवता येतील अशा, अर्ध्या भागात सतरंज्या. हे मला स्वप्नात सुचलं नव्हतं. पारशिवनीकडच्या त्या गावात मैनाबाईंच्या ओसरीवर आपण जेवलो, तेव्हा त्यांनीच सांगितलं, आमच्यात सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. खाली, एका बाजूला बसली की मात्र ती बोलते आणि सासराही ऐकतो. तू मान डोलावत होतास. भाजी दुसऱ्यांदा मागून घेतलीस.

मग मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी धंतोलीतल्या दवाखान्यात पडून होते. तू रोज वरणभात आणायचास, उशी नीट करायचास, आणि तिथून उठून कलेक्टर साहेबांकडे सभागृहाचा नकाशा बदलायला जायचास. मला मेलं ते वरण किती गोड लागायचं!

सोमवारी आपल्या सभागृहात मैनाबाईंच्या गावाजवळच्या खाणीची सुनावणी होती, म्हणून काठी टेकत गेले. पडदे स्क्रूनं कायमचे बंद, मागे केबिनी. समोर उंच स्टेज. खुर्च्या रांगेनं फरशीला ठोकलेल्या. पुरुष बसले, बाया जिन्यात उभ्या. मैनाबाईंनी मला पाहिलं. "काहून वं बाई, खुर्च्या पळून जाऊन राहिल्या होत्या का, खिळे ठोकले त्याईले?" सगळ्या हसल्या. त्यांची सून धनश्री हसली नाही. "मामाजी आत बसले हायेत. मी कोठी बसू?" खाणीच्या खड्ड्यानं तळ्याचं पाणी उतरत चाललंय, हे तिलाच सांगायचं होतं. पाणी तीच भरते. तेवढ्यात आतून माइकवर आलं, "महिलांची हरकत नाही. सुनावणी संपली."

तुला फोन केला तर तू हसलास. "अगं, साहेबांना स्टेज हवं होतं. लोकांचं काय, ते कुठंही बसतात. तू अजून कॉलेजातच आहेस." आहेच. तिथला एक मुलगा मला फार आवडायचा. तू कोण, मला ठाऊक नाही.

ही सुनावणी रद्द व्हावी म्हणून मैनाबाईंची वकील नंदिनी कोर्टात गेली आहे. उद्या मी तिच्या बाजूनं शपथेवर सांगणार आहे, की अशा जागेत या बाया बाहेरच राहतील हे तुला माहीत होतं, आणि माहीत असूनही तू ती तशी केलीस. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. मी ऑफिसात परत येणार नाही. माझे मूळ नकाशे नंदिनीला दे. सभागृहाचं लाकडी मॉडेल धनश्रीच्या लेकीला, तिला त्यात बाहुल्या बसवू देत. खिडकीजवळचं माझं टेबल आपल्या ज्युनिअर श्वेताला, ती चांगली आर्किटेक्ट होईल, तिला तुझ्या साहेबांपासून लांब ठेव. दारावरची पाटी तुला, माझं नाव खरवडून. तुझ्या आईनं मला सून समजून दिलेली उमरेडची हातमागाची साडी मात्र मी कुणालाच देत नाही.

एकेकाळी तुझीच,
कुमुद