गोऱ्यांच्या कामवालीचं पान

सासूबाई, तोंडावर मी तुम्हाला आई म्हणत असे, पण कागदावर खोटं कशाला लिहू? मला माझी आई होती आणि ती तुमच्यापेक्षा पुष्कळ गोड बोलायची. तरी काल टीव्ही बंद केल्यावर आठवण झाली ती तुमचीच. तुमची ती गोष्टीतली मोलकरीण, जिला तुम्ही ‘गोऱ्यांची कामवाली’ म्हणायचात, तिच्या गोष्टीची काल टीव्हीवाल्यांनी पार वाट लावली. महिनाभर जाहिरात करत होते, जगप्रसिद्ध भयकथा म्हणून. गुरुवारची मालिका आहे. मी लवकर जेवून, चष्मा पुसून, फोन बाजूला काढून ठेवून बसले. घर सोडून गेलेल्या माणसाची वाट बघावी तशी बसले म्हणा ना.

तुम्हाला ती दुपार आठवते का? लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले. मी मागच्या पडवीत इंग्रजी पुस्तक उघडून बसले आहे, तुम्ही सुपात सुकट घेऊन निवडताय. मिठागरावरून येणारा वारा खारट आणि गरम. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला मनात वाचायची शिस्त होती, ओठ हलले तरी सिस्टर टोकत. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “काय गो, घरात मानसं नाय का? एकटीच वाचतेस ती? उद्या एकटीच जेवशील.” मी चिडून म्हटलं, “इंग्रजी आहे, तुम्हाला कळणार नाही.” तुम्ही सुकटीतला खडा बाहेर फेकलात. “तुला कललंय ना? मंग सांग.”

म्हणून सांगायला लागले, रागारागानेच. गोऱ्या साहेबांच्या थंड मुलुखातला एक मोठा वाडा. तिथली मोलकरीण रात्री बाहेर राहते, धनी दार लावून घेतो, आणि सकाळी ती उंबऱ्याशी बर्फात मेलेली सापडते. त्यानंतर रोज स्वयंपाकघराच्या दारावर टकटक होते. उघडावं तर कोणी नाही, पायरीवर फक्त वितळणारं बर्फ. पुस्तकभर ती एकदाही दिसत नाही. शेवटी घरातली माणसं वाडा सोडून जातात आणि रिकाम्या घरावर टकटक चालूच राहते. तुम्ही मला सरळ सांगू दिलंत का? “बरफ म्हंजे मासलीवर टाकतात तोच ना? त्यात मेली? म्हंजे बांगड्यावानी?” मी म्हटलं हो. तुम्ही सूप खाली ठेवलंत. मग म्हणालात, “जेवली होती का ती?” मी म्हटलं, पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही. “मंग त्या लिहिनाऱ्यानं लिहिलंन तरी काय!”

तुमची तरफदारी करायला मी हे लिहीत नाही. गोष्टीची वाट तुम्हीही लावली होतीत. विहिरीवर बायकांना सांगताना तो वाडा तुम्ही आपल्या नेऱ्याच्या डोंगराखाली आणून ठेवलात, धन्याला दारू पाजलीत, त्याच्या बायकोला तुमच्या जासईच्या जावेचा स्वभाव दिलात. मी घागर भरताना ऐकलं आणि घरी येऊन तुमच्या मुलाकडे तक्रार केली, की आई माझ्या गोष्टीची भेळ करतात. ते पोट धरून हसले. मला तेव्हा वाटायचं, पुस्तकात जे आहे ते तसंच्या तसं सांगितलं पाहिजे. अजूनही वाटतं. पण एक मात्र तुम्ही कधी बदललं नाहीत. ती कोणाला दिसायची नाही. “टक टक,” म्हणून तुम्ही गप्प बसायचात, आणि भर उन्हात विहिरीवरच्या बायका मागे वळून बघायच्या.

आणि मग भाद्रपदातली सर्वपित्री अमावस्या. वडे, खीर, भोपळ्याची भाजी. तुम्ही पानं वाढताय: तुमच्या सासऱ्यांचं, मामंजींच्या थोरल्या भावाचं, लहानपणीच गेलेल्या तुमच्या लेकाचं. मी ताटकळत उभी, आणि तुम्ही आणखी एक पान मांडलंत. तुमच्या मुलाने विचारलं, “हे कोणाचं?” तुम्ही म्हणालात, “त्या गोऱ्यांच्या कामवालीचं. तिला कोनी पान ठेवलं असंल का? रोज दार वाजवते बिचारी, उगाच का?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकं शिकून मी घरात काय आणून ठेवलं! मी म्हटलं, “आई, ती खरी नाही हो. ती लेखकाने रचलेली आहे.” तुम्ही वर न बघता खीर वाढलीत. “रचली तरी मेली ना?” मी त्या पानावर वडा ठेवला. मी, जिच्या तोंडाला पुढे नोकरीत टेलिफोन एक्स्चेंजमधले साहेबसुद्धा लागत नसत.

आता कालचं ऐका. पहिल्याच मिनिटाला ती दिसली. पांढरी साडी, मोकळे केस, लाल डोळे, वर बल्ब लावल्यासारखा चेहरा. बर्फाच्या जागी धुराचं यंत्र. टकटक नाहीच, दार आपोआप उखडून पडतं आणि ही खदाखदा हसते. मध्ये साबणाची जाहिरात, मग पुन्हा हसते. शेवटी एक दाढीवाला बाबा येतो, मंत्र म्हणतो आणि तिला जाळून टाकतो. जाळून! सगळे घरचे हात जोडून उभे, सुटलो बाबा म्हणून. जिला एकदा थंडीत बाहेर ठेवून मारलं, तिला यांनी दुसऱ्यांदा मारलं, आणि वर सनई वाजवली. मी खुर्चीतून उठून टीव्हीला म्हटलं, “अरे मूर्खांनो, ती आत यायला बघत होती!” त्यावर ‘हो ना’ म्हणायलासुद्धा घरात कोणी नव्हतं. तुमचा मुलगा जाऊन आठ वर्षं झाली, नातू बंगलोरला आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, “आई, टीव्हीवरचं इतकं मनावर नको घेऊस.” मिठागरं गेली, विहीर बुजवली, तिथे आमची ही इमारत आहे. तुम्ही नाही, त्या विहिरीवरच्या बायकांपैकी एकही आता नाही. ती गोष्ट नीट कशी होती हे पनवेलमध्ये माहीत असलेली मी एकटी उरले.

सकाळी समोरच्या ब्लॉकमधली बाई दूध घेताना भेटली. “काकू, काय मस्त एपिसोड होता ना! आमची मुलगी घाबरून पलंगावर चढून बसली.” मी म्हटलं, “खाली झुरळं असतील.” ती हसली. मला वाटलं, रागावेल. तर म्हणाली, “पुढच्या गुरुवारी दुसरी गोष्ट आहे, चुकवू नका हं.” तिचीही ते अशीच माती करणार, ते सांगायला ज्योतिषी नको.

हे पत्र मी कुठे टाकणार आहे? पेटीत टाकावं तर पोस्टमन मला वेड्यात काढेल. पण तुमच्यापाशी बोलून जाते. मी त्या समोरच्या बाईला लगेच म्हटलं, “अगं, आमच्या टीव्हीचं चित्रच गेलंय कालपासून. पुढच्या गुरुवारी तुमच्याकडे बसले तर चालेल?” ती म्हणाली, “या की काकू, त्यात विचारायचं काय!”

टीव्हीला काहीही झालेलं नाही, सासूबाई. उत्तम चालतो.